जर्मन शिकायला निघालेल्या मराठी मुलांसाठी: आठवी ते दहावीची वाट

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून एक फॉर्म घरी येतो. त्यात भाषेचा रकाना असतो, समोर हिंदी, संस्कृत, फ्रेंच, जर्मन अशी नावं आणि खाली पालकांची सही. सही परवापर्यंत हवी असते, म्हणून मला फोन सुरू होतात. "ताई, जर्मन स्कोअरिंग आहे ना?" "संस्कृतपेक्षा सोपी का?" आणि सगळ्यात काळजीचा प्रश्न, "आमच्या घरी कुणालाच येत नाही, अभ्यास कोण घेणार?"

मी मुंबईत आठवी ते दहावीच्या मुलांना बरीच वर्षं जर्मन शिकवते आहे. मी स्वतः लालबागच्या मराठी शाळेतली. अकरावीत जर्मन घेतली तेव्हा वर्गात सगळं इंग्रजीतून समजावलं जायचं. जर्मन वाक्य आधी इंग्रजीत न्यायचं आणि तिथून मराठीत आणायचं, असा माझा दोन वर्षं प्रवास चालला. मधल्या त्या स्टेशनावर उतरायची गरजच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, विभक्ती आहेत, आदरार्थी सर्वनाम आहे. इंग्रजीत यातलं जवळजवळ काही उरलेलं नाही, मराठीत मात्र सगळं जिवंत आहे. म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं एकच: मूल कुठल्याही माध्यमात शिकत असो, जर्मन समजून घेताना त्याला मराठीचा हात धरू द्या. ते कसं करायचं ते पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: सही करण्याआधी शाळेत विचारा

जर्मन कोणत्या जागी आहे हे आधी विचारा. दुसरी भाषा, तिसरी भाषा की शाळा सुटल्यावरचा जादा तास? तिचे गुण निकालात धरले जातात का? २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे जर्मन मराठीच्या जागी येत नाही. ती येते हिंदी किंवा संस्कृतच्या जागी. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात असं म्हटलं आहे. तुमची शाळा हे गणित कसं बसवते ते मुख्याध्यापकांकडूनच ऐका, शेजारच्या काकूंकडून नको.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. नववी-दहावीत ही भाषा पुढे चालते का? अनेक शाळांत तिसरी भाषा आठवीला संपते, आणि नुकती कुठे जीभ वळायला लागलेली असताना मुलाचं पुस्तक बंद होतं. भाषेच्या बाबतीत निर्णय वरून बदलतात तेव्हा मुलांचे हाल होतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत सहावी ते आठवीची तिसरी भाषा असलेली जर्मन वर्षाच्या मध्यातच काढली गेली आणि तिच्या जागी संस्कृत आली. संस्कृतबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण सहामाही उलटल्यावर विषय बदलणं कुठल्याच मुलाला सोपं नसतं.

आठवड्याला तासिका किती आणि दहावी संपेपर्यंत मुलं कोणत्या पातळीला पोचतात, हेही विचारा. युरोपात भाषेच्या सहा पातळ्या मानतात: ए वन, ए टू, बी वन, बी टू, सी वन, सी टू. आठवीत शून्यापासून सुरू केलेलं मूल दहावीपर्यंत ए टू नीट पार करत असेल, तर शाळा चांगलं काम करते आहे असं समजा. शाळा 'पाश' उपक्रमात आहे का, हा प्रश्नही विचारून ठेवा. जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने २००८ मध्ये तो सुरू केला. जर्मन शिकवणाऱ्या जगभरच्या सुमारे दोन हजार शाळा त्यात जोडलेल्या आहेत.

दुसरी पायरी: पहिले पंधरा दिवस फक्त कान आणि तोंड

या दिवसांत व्याकरण नको. आवाज पक्के करा. इथे मराठी मुलाकडे घरचीच पुंजी आहे.

आपल्याकडे 'च' दोन प्रकारचा आहे. 'चिंच'मधला वेगळा आणि 'चूल', 'चमचा'मधला वेगळा. जर्मन लिपीतलं झेड हे अक्षर म्हणजे हा 'चूल'मधला च. दहाला जर्मनमध्ये 'चेन' म्हणतात, तो च 'चुली'तला. इंग्रजीच्या सवयीने मुलं 'झेन' म्हणतात आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. उलट, शब्दाच्या सुरुवातीला एस आणि पुढे स्वर आला की उच्चार 'झोप'मधल्या झ सारखा होतो. सूर्य म्हणजे 'झोनं'.

त्या 'झोनं'च्या शेवटी जो स्वर आहे, तो बोली मराठीत आपण 'चांगलं', 'घरं' म्हणतो तेव्हा शेवटी येतो तोच. आभार मानायचे तर 'डांके' नव्हे, 'डांकं'. शाळा म्हणजे 'शूलं'. इंग्रजीतून आलेल्या मुलांना हा हलका अ समजवायला मला आठवडा लागतो. मराठी मुलाला 'चांगलं म्हण' एवढं सांगितलं की पुरतं.

नवे आवाज खरे तर तीन-चारच. ओठ 'उ'चे करायचे आणि आत जीभ 'ई'ची ठेवायची, की यू या अक्षरावर दोन टिंबं असलेला स्वर निघतो. ओठ 'ओ'चे आणि जीभ 'ए'ची ठेवली की ओवर दोन टिंबं असलेला. आरशासमोर उभं राहून करा. 'मी' या अर्थाचा जो शब्द आपण 'इश' असा लिहितो, त्यातला शेवटचा आवाज श आणि ह यांच्या मधला आहे. 'हि' म्हणताना जी हवा टाळूला घासून जाते, तेवढीच सोडा. आणि व्ही हे अक्षर बहुतेक जर्मन शब्दांत 'फ' होतं, डब्ल्यू 'व' होतो. रस्त्यावर रोज दिसणारी ती गाडी तिकडे 'फोक्सवागन' आहे.

वहीत जर्मन शब्दावर देवनागरीत उच्चार लिहू द्यायचा की नाही, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. माझं मत: सुरुवातीला खुशाल लिहू द्या, कारण देवनागरीत हे आवाज इंग्रजी अक्षरांपेक्षा जास्त नेमके उतरतात. गणपती आले की बंद करा. त्यानंतर डोळ्यांना जर्मन लिखाणाचीच सवय हवी, नाहीतर टिंबं गळतात आणि गुण जातात. नामाचं पहिलं अक्षर वाक्यात कुठेही आलं तरी मोठ्या लिपीत लिहायचं, हेही याच काळात अंगवळणी पाडा. आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नसल्यामुळे हे फार सुटतं.

तिसरी पायरी: तो, ती, ते

जर्मन अवघड म्हणून जी बदनाम आहे ती इथे. प्रत्येक नामाआधी 'डेअर', 'डी' किंवा 'डास' लागतं, पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग. इंग्रजीतून येणारा विचारतो, टेबलाला कसलं लिंग? मराठी मूल हे विचारतच नाही. तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल, हे त्याने दुधाबरोबर घेतलेलं असतं. हिंदीत दोनच लिंगं आहेत. तिसरं, नपुंसक, मराठीने जपलं.

आता एक यादी मोठ्याने वाचा. ते घर, ते पुस्तक, ते पाणी, ते मीठ, ते सोनं, ते लोखंड, ते पान, ते मांस, ते मूल. जर्मनमध्ये हे नऊच्या नऊ शब्द 'डास' आहेत: हाउस, बूख, वासर, झाल्च, गोल्ट, आइझेन, ब्लाट, फ्लाइश, किंट. चंद्र तो, तिकडेही तो. कुत्रा तो, तिकडेही तो. शाळा आणि भाषा, दोन्हीकडे ती.

पिल्लांकडे पाहिलं तर आणखी गंमत वाटते. ते वासरू, ते कोकरू, कोंबडीचं ते पिल्लू. जर्मनमध्येही काल्प, लाम, क्यूकेन, तिन्ही नपुंसक. आपण लाडाने लहान करून बोलतो तेव्हा 'पोरगं', 'लेकरू' म्हणजे नपुंसकात जातो. जर्मन शब्दाच्या शेवटी 'शेन' जोडून त्याला लहान करते, आणि असा प्रत्येक शब्द नपुंसक होतो. म्हणूनच मुलगी म्हणजे 'डास मेडशेन'. मुलगी नपुंसक कशी, असं इंग्रजी पुस्तकं मोठं आश्चर्य म्हणून सांगतात. ज्यांच्या घरी मालवणी बोलणारी आजी आहे त्यांनी तिला 'चेडू' शब्दाचं लिंग विचारावं. चेडूही नपुंसकच.

पण सगळं जुळत नाही, आणि ते लपवून चालणार नाही. आपला सूर्य तो, त्यांची झोनं ती. आपलं झाड ते, त्यांचा बाउम तो. आपली साखर ती, त्यांचा चुकर तो. आपलं दूध ते, त्यांची मिल्श ती. मराठीवरून लिंग ओळखायला जाऊ नका, फसाल. मराठीने द्यायचं ते वेगळं आहे. नाम आणि लिंग एकत्रच लक्षात राहतात ही सवय तिने दिलेली आहे. म्हणून शब्द कधीही सुटा पाठ करायचा नाही. 'चमचा म्हणजे ल्योफेल' असं नाही, तर 'तो चमचा, डेअर ल्योफेल'. तीन रंगांचे कागद घ्या, पुल्लिंगाला निळा, स्त्रीलिंगाला लाल, नपुंसकाला हिरवा. पत्त्यांएवढ्या चिठ्ठ्या कापा. एका बाजूला जर्मन शब्द लिहा, दुसऱ्या बाजूला मराठी. जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम, कागद जाड असतो.

जोडशब्दही याच चिठ्ठ्यांवर येऊ द्या. जर्मन शब्द फार लांब असतात म्हणून मुलं घाबरतात, पण ते आपले समासच आहेत. रुग्ण अधिक आलय तसं 'क्रांकेन' अधिक 'हाउस'. फ्रिजला आपण शीतकपाट म्हणतो, त्यांचा 'क्यूलश्रांक' म्हणजे शब्दशः तेच. हातमोज्याला ते हातबूट म्हणतात, 'हांटशू'. समासाचं लिंग शेवटच्या शब्दाचं, एवढा एकच नियम लक्षात ठेवायचा.

चौथी पायरी: आकडे आणि घड्याळ

परीक्षेत ऐकण्याच्या भागात सर्वाधिक गुण आकड्यांत जातात. जर्मनमध्ये एकवीस म्हणजे 'आइन-उन्ट-च्वान्चिश', एक-आणि-वीस. इंग्रजीतून ऐकणारं मूल गोंधळून १२ लिहून बसतं. 'एक-वीस', 'बा-वीस' म्हणणाऱ्या मुलाला एकक आधी येण्याचं काही वाटू नये. तेव्हा जर्मन आकडा कानावर पडला की मनात इंग्रजी नको, मराठी आकडा म्हणा. रोज दहा मोबाइल नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत कुणाकडून तरी वाचून घ्या आणि लिहा.

घड्याळ तर अस्सल आपल्या घरचं आहे. 'हाल्प ड्राय', शब्दशः 'अर्धा तीन', म्हणजे अडीच. आपला 'अडीच' शब्दही मुळात 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा. दीडला जुन्या वळणाचा जर्मन माणूस 'आन्डर्टहाल्प' म्हणतो, दुसरा अर्धा. फक्त पुढे जपा. 'हाल्प फिअर' म्हणजे साडेचार नव्हे, साडेतीन. जर्मन नेहमी येणाऱ्या तासाकडे बोट दाखवते. ही एक चूक मी दरवर्षी निम्म्या वर्गाच्या पेपरात पाहते.

सव्वा आणि पावणे कसं म्हणायचं ते जर्मनीत भागागणिक बदलतं. पुस्तकात 'तीनला पाव कमी' अशी रचना शिकवतात. पण नैऋत्येकडच्या श्वाबेन भागात पावणेतीनला 'तीन-चतुर्थांश तीन' म्हणतात. श्टुटगार्ट हे त्याच भागातलं शहर, आणि ते १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे. नकाशात पहिला ठिपका तिथे टोचा.

पाचवी पायरी: 'मला'पासून वाक्य सुरू करा

नववीत विभक्ती येतात आणि वर्गात शांतता पसरते. जर्मनमध्ये चारच आहेत. आपल्या हिशेबाने प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. मराठी व्याकरणात आठ शिकलेल्या मुलाने चारला भिऊ नये.

या वाक्यांकडे बघा. मला थंडी वाजते: 'मीअर इस्ट काल्ट'. ते मला आवडतं: 'डास गेफेल्ट मीअर'. मला मळमळतंय: 'मीअर इस्ट श्लेश्ट'. 'मीअर' म्हणजे 'मला', चतुर्थी. इंग्रजीत यातल्या बहुतेक ठिकाणी 'मी'पासून सुरुवात होते, आणि इंग्रजीवरून गेलेलं मूल 'इश बिन काल्ट' लिहितं. जर्मन माणसाला त्याचा अर्थ 'मी थंड काळजाचा आहे' असा लागतो. भावना, चव, दुखणं-खुपणं सांगताना मराठीत काय म्हणतो ते आधी आठवायचं. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा वाट सापडते. भूक मात्र अपवाद. जर्मनमध्ये भूक लागत नाही, ती 'असते', 'इश हाबं हुंगर'.

एक सापळा आपल्या बाजूचाही आहे. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी दोघींचा प्रत्यय 'ला'च. 'मी कुत्र्याला बघते' आणि 'मी कुत्र्याला पोळी देते', आपल्याला दोन्ही सारखेच. जर्मनमध्ये पहिल्यात 'डेन हुंट', दुसऱ्यात 'डेम हुंट'. देणं-घेणं, मदत, आभार असेल आणि कुणाला तरी काही पोचत असेल, तर चतुर्थी. नुसतं बघणं, शोधणं, विकत घेणं असेल तर द्वितीया. द्वितीयेत पुल्लिंगच बदलतं, बाकी दोन लिंगं आहेत तशीच राहतात. हे एकदा फळ्यावर मांडून दाखवलं की मुलांचे चेहरे मोकळे होतात.

क्रियापदाची जागा दोन नियमांत मावते. मुख्य वाक्यात ते दुसऱ्या क्रमांकावर, मग पहिल्या जागी 'मी' असो की 'आज'. इथे मराठी मदतीला येत नाही, सरावच करावा लागतो. पण 'कारण', 'की', 'जर' असे शब्द आले की क्रियापद शेवटी जातं: 'वाइल इश क्रांक बिन', कारण मी आजारी आहे. शब्दाला शब्द ठेवून बघा, क्रम जसाच्या तसा आहे.

'तू' आणि 'तुम्ही'चं सांगायला हवंच का? 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही. शिक्षकांना झी, दुकानदाराला झी. फरक एवढाच, की तिकडे आजी-आजोबांनाही डू म्हणतात, आणि देवालाही. विठ्ठलाला अरे-तुरे करणाऱ्यांना त्याचं नवल नाही.

सहावी पायरी: रोज वीस मिनिटं, आणि लोकल

रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बरी. दहा मिनिटं चिठ्ठ्या, दहा मिनिटं ऐकणं. डॉइचे वेले ही जर्मनीची सार्वजनिक प्रसारणसंस्था शून्यापासून बी वनपर्यंतचे धडे फुकट देते. त्यापुढे पोचलेल्यांसाठी तिच्या संथ गतीने वाचलेल्या बातम्या आहेत. महागड्या क्लासला पैसे भरण्याआधी हे तीन महिने करून बघा.

लोकलमध्ये पाठ्यपुस्तक उघडता येत नाही, पण गाडीच एक धडा आहे. चढणे, उतरणे, गाडी बदलणे: आइनश्टाइगेन, आउसश्टाइगेन, उमश्टाइगेन. या क्रियापदांचा पहिला तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. 'इश श्टाइगं इन दादर उम', मी दादरला गाडी बदलते. मुलं जी क्रिया रोज शरीराने करतात ती विसरत नाहीत. ठाण्याहून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने अशी सुटणारी पंधरा क्रियापदं एका सहामाहीत प्रवासातच पक्की केली होती.

फ्लोरा फाउंटन किंवा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी जर्मन पुस्तकं स्वस्तात मिळतात. जरूर घ्या, फक्त छापल्याचं साल बघा. १९९६ मध्ये जर्मन शुद्धलेखनाचे नियम बदलले. त्याआधीच्या पुस्तकांत ऱ्हस्व स्वरानंतरही ते विशिष्ट 'एस्-त्सेट' अक्षर दिसेल, जिथे आज दोन एस लिहितात. वाचायला हरकत नाही, लिखाण मात्र नव्या नियमाने.

सातवी पायरी: एका शनिवारी काळा घोडा

जहांगीर आर्ट गॅलरीच्या शेजारी मॅक्स म्युलर भवन आहे. जर्मनीच्या ग्योटं इन्स्टिट्यूटला भारतात हे नाव आहे. माक्स म्युलर हा १८२३ मध्ये डेसाउ गावात जन्मलेला पंडित. त्याने ऋग्वेदाची संपादित आवृत्ती छापली, पण भारतात कधीच आला नाही. मुलाला एकदा तिथलं ग्रंथालय दाखवा. जर्मन पुस्तकं, चित्रकथा हातात घेतल्या की भाषा शाळेच्या दप्तरातून बाहेर येते.

तिथून रस्त्यापलीकडे एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत दिसते. या कॉलेजात १८६३ मध्ये गेओर्ग ब्यूलर नावाचा जर्मन विद्वान प्राच्यभाषा शिकवायला आला. आजच्या इमारतीत कॉलेज नंतर आलं, तरी गोष्ट सांगायला जागा योग्य आहे. तिकडून इकडे जसे आले, तसे इकडून तिकडेही गेले. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि मानववंशशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्या. कालिदासाचं शाकुंतल १७९१ मध्ये गेओर्ग फोर्स्टरने इंग्रजीवरून जर्मनमध्ये नेलं, आणि ते वाचून खुद्द महाकवी ग्योटंने त्याच्या स्तुतीच्या ओळी लिहिल्या. शाळेच्या प्रकल्पाला बर्लिनची भिंत सगळेच घेतात. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधले जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टन आणि छायाचित्रकार योझेफ विर्शिंग घेऊन बघा. १९३४ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या स्टुडिओची गोष्ट मुंबईचीही आहे.

आठवी पायरी: संस्कृती म्हणजे नुसत्या गाड्या नव्हेत

पाठ्यपुस्तकात सण, पदार्थ, फुटबॉल असतं. ते मुलं स्वतः वाचतात. ११ नोव्हेंबरला, आपल्या दिवाळीच्या आगेमागे, तिकडची लहान मुलं हाताने केलेले कंदील घेऊन संध्याकाळी रस्त्याने गात जातात. स्वतःचा झगा कापून अर्धा भिकाऱ्याला देणाऱ्या संत मार्टिनचा तो दिवस. आकाशकंदील करणाऱ्या मुलांना हे एका वाक्यात कळतं.

मी वर्गात जास्त वेळ देते तो त्यांच्या शाळेला. पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलाला खाऊ आणि वह्या-पेन्सिलींनी भरलेला मोठा कागदी शंकू मिळतो. गुण १ ते ६, आणि १ सगळ्यात चांगला. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात, आणि हे फार लवकर होतं का यावर त्यांच्यातही वाद आहे. शिक्षण हा राज्यांचा विषय, आणि राज्यं १६. दहावीनंतर कंपनीत काम आणि आठवड्यातले काही दिवस शाळा, असं शिक्षण घेणारी मुलं तिकडे खूप आहेत आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या पालकांनी हे वाचायला हवं.

आणि एक गोष्ट टाळू नका. आपल्या फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र राजरोस विकलं जातं, आणि दरवर्षी एखादा मुलगा शिस्तीचा माणूस म्हणून त्याचं नाव घेतो. त्याच्यावर चिडायचं नाही, सांगायचं. जर्मन शहरांत पदपथावर दहा सेंटिमीटरच्या पितळी फरश्या बसवलेल्या असतात. त्या घरात राहणाऱ्या, नाझींनी नेलेल्या माणसाचं नाव आणि जन्मसाल त्यावर असतं. कलाकार गुंटर डेम्निग यांनी १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं, आणि आता अशा फरश्या एक लाखाहून जास्त आहेत. ९ नोव्हेंबरला १९८९ मध्ये भिंत उघडली म्हणून आनंद असतो, आणि त्याच तारखेला १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली म्हणून माना खाली असतात. मुंबईलाही याचा धागा आहे. कार्ल्सबादला जन्मलेला जर्मनभाषक ज्यू संगीतकार वाल्टर काउफमान १९३४ मध्ये आश्रयाला इथे आला. सकाळी रेडिओ लावला की आकाशवाणीची जी सुरावट आजोबांच्या कानावर पडायची, ती त्याचीच. वर्गात ती वाजवून मग नाव सांगा.

नववी पायरी: परीक्षा, आणि दहावीनंतर

शाळेच्या गुणांखेरीज एक बाहेरचं प्रमाणपत्र असावं. ग्योटं इन्स्टिट्यूटची किशोरांसाठीची 'फिट इन डॉइच' परीक्षा ए वन आणि ए टू पातळीला आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ६०. ए वनला सुमारे ३० शब्दांचं उत्तर लिहायचं असतं. बोलण्यात स्वतःची ओळख, मग चिठ्ठी उचलून प्रश्न विचारायचा आणि विनंती करायची. लेखीत हुशार मुलं इथे अडतात, कारण शाळेत तोंडीला कमी वेळ मिळतो. दोन मैत्रिणींनी फोनवर रोज तीन प्रश्न विचारले तरी पुरे.

अकरावीला राज्य मंडळात इंग्रजीबरोबरची भाषा म्हणून जर्मन घेता येते. विज्ञान शाखेची पुष्कळ मुलं भाषेऐवजी आयटी घेतात. जर्मन सगळ्याच कॉलेजात नसते, म्हणून प्रवेशाची यादी भरण्याआधी चौकशी करा. पुढे भाषाच शिकायची असेल तर मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कलिन्याला आहे.

जर्मनीत शिक्षण फुकट, हे ऐकून आठवीत जर्मन घेऊ नका. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणी-शुल्क नाही हे खरं, पण श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो पडतात, आणि राहण्याखाण्याचा खर्च सगळीकडेच आहे. याच राज्याशी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा संधी आहेत. पण तेरा वर्षांच्या मुलासाठी त्या फार लांबच्या. त्याला आज भाषा आवडते का, एवढं बघा.

आणि अभ्यास कोण घेणार?

आजीनेही घ्यावा. चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिच्या हातात द्या. मराठी बाजू तिच्याकडे, रंग तिला दिसतो. तिने म्हणायचं, 'मीठ'. मुलाने जर्मन शब्द सांगायचा, आधी 'डास' लावून. हिरवा कागद असूनही त्याने 'डेअर' म्हटलं, की आजीने चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायची आणि पुढची उचलायची. चुकलेल्या चिठ्ठ्या सलग तीन दिवस बरोबर आल्या की बाजूच्या डब्यात टाका, आणि डबा महिन्यातून एकदा परत उघडा.